वास्तुरचना पुरस्कारांच्या परीक्षकांना खुलं पत्र: इमारत आधी वापरू तरी द्या

आदरणीय परीक्षक आणि आयोजक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरस्काराची यंदाची नियमावली गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात आली. ‘समाजाभिमुख आणि शाश्वत वास्तुरचना’ या विभागाच्या अटी मी दोनदा वाचल्या. इमारत गेल्या दीड वर्षात पूर्ण झालेली हवी. बारा छायाचित्रं, तीन मिनिटांची फिल्म आणि ‘रचनेमागची मूल्यं’ पाचशे शब्दांत. शेवटच्या पानावर बारीक टायपात एक ओळ होती: परीक्षकांच्या प्रत्यक्ष भेटी यंदापासून बंद करण्यात येत आहेत.

या ओळीसाठी हे पत्र. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण आज तुमच्या नियमावलीत असलेली ही ओळ उद्या इतरांच्याही नियमावलीत येईल. पत्र उघड लिहिते आहे ते एवढ्यासाठी की ते माझ्या व्यवसायबंधूंनी वाचावं, विद्यार्थ्यांनी वाचावं आणि ज्यांच्यासाठी आम्ही ‘समाजाभिमुख’ इमारती बांधतो असं म्हणतो, त्या माणसांनीही वाचावं.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगते. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका पुरस्काराच्या व्यासपीठावर मी उभी होते. इमारत होती एक लहानसं समाजकेंद्र: वाचनालय, सभेची खोली, मुलांसाठी एक दालन आणि मधे अंगण. पुरस्कार मिळाला तेव्हा ती उघडून आठ महिने झाले होते. गिलाव्यातली ओलही धड सुकली नव्हती. परीक्षकांनी मानपत्रात ‘लोकसहभागातून घडलेली’ असं लिहिलं. त्याला पुरावा काय, तर आम्ही घेतलेल्या तीन बैठका आणि भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांचा एक सुंदर फोटो.

चार वर्षांनी मी तिथे गेले. मुद्दाम नव्हे, दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला होते म्हणून. बारा फोटोंपैकी पहिल्या फोटोत असलेलं उंच लाकडी दार बंद होतं. आतून त्याला दोन कपाटं टेकवलेली होती. लोक मागून, सामानाच्या खोलीशेजारच्या दारातून ये-जा करत होते, कारण वस्तीतली पायवाट तिथे येते. साइटचा नकाशा काढताना आम्ही रस्ता दाखवला होता, पायवाट दाखवायची राहिली होती. हवा खेळती राहावी म्हणून बसवलेल्या फिरत्या लाकडी पट्ट्या निम्म्या अडकल्या होत्या आणि उरलेल्यांवर कुणीतरी प्लायवूड ठोकलं होतं. पावसाच्या पाण्याच्या गाळणीचं झाकण उचलायला दोन माणसं लागत, म्हणून ती कधी साफच झाली नव्हती. टाकी कोरडी होती आणि आत मोडक्या खुर्च्या होत्या. मुलांच्या दालनात दुपारी अंधार असे, त्यामुळे मुलं अंगणाच्या कट्ट्यावर बसून अभ्यास करत. शिवणाचा वर्ग सभेच्या खोलीतून बोळात आला होता, कारण उजेड तिथे चांगला येत होता. बोळ आम्ही फक्त जाण्यायेण्यासाठी म्हणून काढला होता. इमारतीतली सर्वांत चांगली जागा तीच निघाली आणि ती आमच्या लक्षातही आली नव्हती.

केंद्राची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी मला ओळखलं. म्हणाले, “मॅडम, परत फोटो काढायला आलात का?”

त्यांचा सूर टोमण्याचा नव्हता. मी याआधी कॅमेरा घेऊनच आले होते, म्हणून त्यांनी साधेपणाने विचारलं. पण ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्या चुका माझ्या आहेत. अर्ध्याहून जास्त पुढे आम्ही पदरमोड करून दुरुस्त केल्या, तो विषय वेगळा. तुमच्याकडे तक्रार आहे ती अशी: त्या चार वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. ज्यांनी इमारत बांधून घेतली त्यांनी नाही, मानपत्र देणाऱ्यांनी नाही आणि मीही स्वतःला नाही. पुरस्कार मिळाला म्हणजे प्रश्न संपले असं आम्ही सगळे धरून चाललो. निदान परीक्षक प्रत्यक्ष येऊन जातात, एवढा धागा तरी होता. आता तोही तोडताय.

पहिला आक्षेप वेळेचा. इमारत चांगली आहे की नाही हे पहिल्या वर्षात कळत नाही. छप्पर गळतं का, हे पावसात कळतं. भिंत तापते का, हे उन्हाळ्यात. बिजागरी, नळ, पन्हळ यांची कुवत कळायला आणखी वेळ लागतो. आणि लोकांनी जागा आपली मानली का, हे कळायला सगळ्यांत जास्त. दीड वर्षाची तुमची मुदत नेमकी अशी आहे की यातलं काहीही कळण्याआधी प्रवेशिका भरावी लागते.

हे अव्यवहार्य आहे असं म्हणू नका. १९७७ साली सुरू झालेल्या आगा खान वास्तुरचना पुरस्कारात इमारत किमान वर्षभर वापरात असावी लागते. निवडक प्रकल्पांना तज्ज्ञ प्रत्यक्ष भेट देतात, राहणाऱ्यांशी बोलतात आणि मग परीक्षक निर्णय घेतात. पुरस्कार दर तीन वर्षांनी दिला जातो. अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या संस्थेचा एक सन्मान तर २५ वर्षं टिकून राहिलेल्या इमारतीसाठीच आहे. भेटींचा खर्च झेपत नसेल तर दरवर्षी पुरस्कार देण्याची सक्ती तुमच्यावर कुणी केली आहे?

(इथे बरेच जण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो वसाहतीचं उदाहरण देतात: पुरस्कारप्राप्त वसाहत आणि दोन दशकांच्या आत सुरुंग. १९५०च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या ३३ इमारती १९७२ पासून पाडायला घेतल्या, हे खरं. पण तिला वास्तुरचनेचा मोठा पुरस्कार मिळाला होता, ही दंतकथा आहे. शिवाय देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा आणि भाडेकरूच कमी होत गेले, हे तिच्या ऱ्हासाचं मोठं कारण नकाशात दिसणारं नव्हतं. म्हणून ते उदाहरण मी घेत नाही. आमच्या केंद्राचं पुरेसं आहे.)

दुसरा आक्षेप त्या पाचशे शब्दांना. आमच्या व्यवसायातल्या कुठल्याही ऑफिसचं मूल्यांचं पान उघडा. निसर्गाशी नातं, स्थानिक साहित्य, लोकांच्या गरजा, नम्रता. नावं झाकली तर कुठलं पान कुणाचं, हे ओळखता येणार नाही. माझं पानही त्यातलंच आहे. मूल्यं दिसतात ती निर्णयात: कुठलं काम नाकारलं, फी कशावर ठरवली, कुणाचं ऐकून आराखडा बदलला, हस्तांतरानंतर किती वेळा फोन उचलला.

१९९६ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या नगरपालिकेने आन लाकातों आणि जाँ-फिलीप वासाल या दोघा वास्तुरचनाकारांना एक लहान चौक सुशोभित करायला सांगितला. ते तिथे जाऊन बसले, रहिवाशांशी बोलले आणि कळवलं की चौक आहे तसाच छान आहे. खडी नवी टाका, झाडझूड जास्त वेळा करा, झाडांची निगा राखा. बास. पुढे याच दोघांनी त्याच शहरातल्या ग्राँ पार्क वसाहतीतली ५३० घरं इतर दोन वास्तुरचनाकारांच्या साथीने न पाडता वाढवली. प्रत्येक घराला बाहेरून काचेची खोली आणि सज्जा जोडला, आणि काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहिले. या कामाला २०१९ मध्ये युरोपातला मीस व्हान डर रोह पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये दोघांना प्रित्झ्कर, हा आमच्या व्यवसायातला सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार.

आता तो १९९६ चा चौक तुमच्या नियमावलीत बसवून दाखवा. पूर्ण झालेलं बांधकाम: काही नाही. बारा छायाचित्रं: आधीचं आणि नंतरचं सारखंच. फिल्ममध्ये काय दाखवणार, झाडू? ‘काहीही बांधू नका’ हा आमच्या व्यवसायातला सर्वांत अवघड सल्ला आहे, कारण फी बहुतेक वेळा बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर असते. जितकं कमी बांधाल तितके पैसे कमी. हा सल्ला देणाऱ्याला तुमच्या प्रवेशिकेत रकानाच नाही.

तिसरी गोष्ट शाश्वततेची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या बाबतीत तुम्ही आणि आम्ही मिळून वाचकांची फसवणूक करतोय.

तुम्ही फोटोवरून शाश्वतता ओळखता, म्हणून आम्ही फोटोत शाश्वत दिसेल असं बांधायला शिकलो. मातीचा रंग, बांबूची जाळी, उघडी वीट. जमिनीखाली किती काँक्रीट ओतलं, हे फोटोत येत नाही. सिमेंट बनवताना चुनखडी भाजावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, पण शुद्ध चुनखडीच्या शंभर किलोंतून रासायनिक क्रियेनेच ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटतोच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो, तो बराचसा यामुळे.

आता धोपटून केलेल्या मातीच्या भिंतीचं गणित बघा. जाडी ३०० मिलिमीटर. एका चौरस मीटरला साधारण ६०० किलो माती लागते. भिंत टिकावी म्हणून तीत आठ टक्के सिमेंट मिसळलं, तर ते झालं ४८ किलो, म्हणजे पन्नास किलोची जवळजवळ एक गोणी दर चौरस मीटरला. पोकळ ठोकळ्यांच्या साध्या भिंतीत बहुधा याहून कमी सिमेंट लागेल. पण तुमच्या यादीत येईल ती मातीची भिंत, कारण फोटोत ती माती दिसते. माती वाईट असं मी म्हणत नाही. छपराला नीट पागोळी काढली आणि जोतं उंच ठेवलं, तर सिमेंटविना मातीही पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुद्दा हा की किती किलो, हे तुम्ही विचारतच नाही.

केरळात आयुष्यभर स्वस्त घरं बांधणारे वास्तुरचनाकार लॉरी बेकर हा किलोंचा हिशोब सतत करत असत. वीट कडेवर उभी ठेवून मधे पोकळी सोडायची, या रॅट-ट्रॅप रचनेत नेहमीच्या नऊ इंची भिंतीपेक्षा साधारण पाव हिस्सा विटा वाचतात. पोकळीमुळे उष्णताही कमी आत येते. गिलावा करायचा नाही, म्हणजे तोही खर्च वाचला. कमीत कमी साहित्यात काम करण्याच्या हट्टातून त्या भिंतींना त्यांचं रूप आलं. आज आम्ही ते रूप उचलतो आणि काँक्रीटच्या सांगाड्यावर चिकटवतो.

वापरातल्या विजेचंही तेच. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ या काळात ‘प्रोब’ नावाच्या अभ्यासमालेत नावाजलेल्या इमारती वापरात आल्यावर तपासल्या गेल्या, तेव्हा बऱ्याच इमारतींचा ऊर्जावापर रचनाकारांच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे निघाला. तिथल्याच वास्तुरचनाकारांच्या संस्थेने १९६३ साली आखलेल्या कामाच्या टप्प्यांत अभिप्राय घेण्याचा एक स्वतंत्र टप्पा शेवटी होता. पुढे तो गळला. त्याची फी द्यायला कुणी तयार नव्हतं, हे त्यामागचं एक कारण. २०१३ च्या आराखड्यात ‘वापर’ हा टप्पा परत आला. एका संपूर्ण व्यवसायाला ही चूक सुधारायला काही दशकं लागली. तुम्ही तीच चूक नव्याने करायला निघाला आहात.

चौथा आक्षेप ‘सहभाग’ या शब्दाला. अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खालच्या पायरीवर लोकांना फक्त गुंडाळलं जातं, सर्वांत वरच्या पायरीवर निर्णय त्यांच्या हातात असतो. आमच्या चिठ्ठ्यांची बैठक फार तर मधल्या पायऱ्यांवरची. लोकांनी लिहिलं, आम्ही वाचलं, ठरवलं आम्हीच. परीक्षकांपैकी एकानेही विचारलं नाही की त्या चिठ्ठ्यांमुळे आराखड्यात नेमकं काय बदललं. विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

हेतू चांगला असून भागत नाही, हे इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फतही यांना आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. १९४५ पासून त्यांनी लक्झरजवळ न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या घुमटांचं, स्वस्त आणि देखणं बांधलं. पण ज्यांच्यासाठी बांधलं ते लोक प्राचीन कबरींवर वसलेलं आपलं गाव सोडायला तयार नव्हते. पोटापाण्याचा प्रश्न होता आणि हलवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. फतही यांनी हे अपयश स्वतः मोकळेपणाने लिहिलं. तुमच्या पाचशे शब्दांत ‘काय फसलं’ याला जागा आहे का?

उलट बाजूही आहे. इंग्लंडमधल्या बायकर वसाहतीसाठी वास्तुरचनाकार राल्फ अर्स्किन यांच्या मंडळींनी वस्तीतल्याच एका जुन्या दुकानात ऑफिस थाटलं. अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याचं दुकान होतं ते. दार उघडं, येता-जाता कुणीही आत डोकावायचं, तक्रार करायचं. तरीही मूळ रहिवाशांपैकी पुष्कळांना नव्या घरांत जागा मिळाली नाही, हेही तितकंच खरं. आणि काही रचना तर अशा असतात की पहिल्या दिवशी त्या अर्ध्याच असाव्यात. बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना जोतं, संडास-मोरी आणि पाण्याची सोय दिली, बाकीचं घर त्यांनी आपल्या ऐपतीने वाढवायचं. चिलीतल्या इकिके इथे वास्तुरचनाकार आलेहांद्रो आरावेना आणि सहकाऱ्यांनी साधारण शंभर कुटुंबांसाठी अर्धी घरं बांधली. कुटुंबाला स्वतः बांधणं अवघड जातं तो अर्धा भाग सरकारी अनुदानातून, उरलेली मोकळी जागा त्यांची. या घरांचा पहिल्या दिवसाचा फोटो म्हणजे दुसऱ्या अंकाआधी पडदा पाडलेलं नाटक. दीड वर्षात त्यातलं काय दिसणार?

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. तुमच्या अर्जात गवंडी, सुतार, मिस्त्री यांच्या नावांना जागा नाही. छायाचित्रकाराच्या नावाला आहे, तेही सक्तीने. आणि बारा व्यावसायिक फोटो, वर फिल्म, हा खर्च लहान ऑफिसांना झेपत नाही. साधेपणाला पुरस्कार द्यायचा आणि प्रवेशिका भरायला पैसा लागायचा, हे काही जमत नाही.

मागण्या साध्या आहेत.

भेटी रद्द करणारी ओळ मागे घ्या. अंतिम यादीतल्या प्रत्येक इमारतीला परीक्षकांपैकी किमान एकाने भेट द्यावी, आणि ती रचनाकार सोबत नसताना. आम्ही सोबत असलो की आम्ही बोलतो, लोक गप्प राहतात.

इमारत निदान दोन वर्षं वापरात असल्याशिवाय प्रवेशिका घेऊ नका. दरवर्षी झेपत नसेल तर तीन वर्षांनी एकदा पुरस्कार द्या.

मूल्यांचे पाचशे शब्द काढून टाका. त्याऐवजी चार प्रश्न विचारा: सिमेंट आणि लोखंड किती किलो लागलं, बारा महिन्यांची विजेची आणि पाण्याची बिलं किती आली, लोकांच्या सांगण्यावरून कोणता निर्णय बदलला, आणि काय फसलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर प्रवेशिका परत पाठवा.

जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला, वाढीला आणि ‘बांधू नका’ या सल्ल्यालाही या विभागात जागा द्या. मानपत्रावर कारागिरांची आणि देखभाल करणाऱ्यांची नावं छापा.

आणि एक मागणी जराशी अवघड. याआधी तुम्ही गौरवलेल्या इमारतींकडे पाच-दहा वर्षांनी परत जा आणि जे दिसेल ते छापा. आमची नाचक्की होईल म्हणून संकोच करू नका. विद्यार्थ्यांना त्या बारा फोटोंतून जे शिकता येत नाही, ते यातून शिकता येईल.

सुरुवात माझ्यापासून करायला माझी हरकत नाही. समाजकेंद्राचा पत्ता तुमच्या दप्तरात असेलच. चाव्या देखभाल करणाऱ्या गृहस्थांकडे असतात. दुपारी तीननंतर या, तेव्हा शिवणाचा वर्ग आणि मुलं दोन्ही असतात. बोळात बसायला जागा होते. फक्त येताना मागच्या दाराने या, पुढचं दार अजूनही कुणी उघडत नाही.

आपली,
एक वास्तुरचनाकार